तारामेलाचा दुसरा वाचक

ब्राझीलच्या दक्षिण टोकाला, आमच्या साँ लौरेन्सोत, जुन्या घरांच्या दारांना अजून तारामेला असते. लाकडाचा वीतभर तुकडा आणि मधोमध एक खिळा. आडवी फिरवली की दार बंद, उभी केली की उघडे. कुलूप नव्हे ते. चोराला ती अडवत नाही. आत कोणीतरी आहे एवढेच ती सांगते, आणि भला माणूस बाहेर थांबतो.

नोएली बियरहाल्सने आपल्या प्रोग्रामला हेच नाव दिले, तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती आणि भाताच्या गिरणीत वजनकाट्यावर बसत होती. काटे दोन होते आणि कॉम्प्युटरमधली नोंदीची फाइल एक. सुगीत दोन्ही काट्यांवर ट्रक एकदम चढत, दोन्ही कॉम्प्युटर त्या एका फाइलीत एकदम लिहीत, आणि एकाच्या भाताचे वजन भलत्याच्याच नावावर जाऊन बसे. एका मार्चात त्यावरून काट्यापाशी दोन भावांची डोकी फुटली. नोएलीने त्या आठवड्यात तीनशे ओळी लिहिल्या. एक जण फाइलीत लिहीत असला की दुसऱ्याने दारात थांबायचे, इतकेच त्या ओळी करत. ही विद्या तिला कोणी शिकवली नव्हती. पेलोतासच्या रद्दीवाल्याकडून आणलेले, पाठ फाटलेले एक पुस्तक होते, तोच तिचा गुरू.

त्या काळी पोर्तो आलेग्रेला मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा मेळावा भरे. नोएली एकदा तिथे गेली आणि आपल्या तीनशे ओळी सगळ्यांच्या पानात वाढून आली. घ्या, उघडून वाचा, बदला, आणि बदललेले परत पंगतीत आणून ठेवा. पैसा घ्यायचा नाही, झाकून ठेवायचे नाही. ही त्या लोकांची रीत होती आणि तिला ती फार आवडली. आमच्याकडे डुक्कर कापले की शेजाऱ्याकडे वाटा जातो, तसेच हे, असे तिने घरी येऊन सांगितले.

"वाटा जातो तसा वाटा येतोही," तिची थोरली बहीण इल्गा बटाटे सोलत म्हणाली. "तुझ्याकडे काय आलं?"

"एक माणूस आला, ताई," नोएली म्हणाली.

तो माणूस म्हणजे हेबर सिल्वेरा. सरहद्दीपलीकडे, उरुग्वेच्या मेलो गावात तो रेडिओ दुरुस्त करी. मेळाव्यात काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात 'माते' नावाच्या कडू चहाचा भोपळा घेऊन तो नोएलीच्या मागे उभा राहिला, तिच्या तीनशे ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या, आणि नाव-गाव न विचारता म्हणाला, "आणि वीज गेली तर?"

नोएलीने त्याचा विचार केलाच नव्हता.

त्याच दिवशी तिने नियम केला. तारामेलात कोणालाही काही बदलायचे असेल, तर त्याने तो बदल ईमेलच्या यादीवर सगळ्यांसमोर मांडायचा. सात दिवस तो तिथे पडून राहील. लिहिणारा सोडून दुसऱ्या कोणीतरी तो वाचायचा आणि खाली आपले नाव लिहायचे, 'वाचले, अमुक अमुक'. हे दुसरे नाव नसेल तर बदल आत जाणार नाही, मग तो खुद्द नोएलीचा का असेना. आपला डोळा आपली चूक पांघरुणात घेतो, हे ती काट्यावरच शिकली होती.

एकवीस वर्षे ते दुसरे नाव हेबरचे होते. इतक्या वर्षांत दोघे समोरासमोर भेटले फक्त तीनदा. बाकी सगळे पत्रांतून.

'नोएली, तुझी चौथी ओळ वाचताना मला डुलकी लागली. मी झोपलो तर चालेल, यंत्र झोपलं तर? वीज गेली तर?'

'हेबर, तुमच्या मेलोत वीज असते का हो, जाण्यासाठी?'

'असते. रविवारी पाद्र्याला लागते म्हणून आणतात. तू उत्तर दे.'

ती चिडे, ओळ पुन्हा लिही, आणि लिहिता लिहिता तिला दिसे की म्हातारा बरोबर होता. कधी कधी एका ओळीवर पंधरवडा जाई. शेवटी एका सकाळी यादीवर ते दोन शब्द येत, 'वाचले, हेबर', आणि ती त्या दिवशी गिरणीत जाताना सरोवराच्या कडेने लांबच्या रस्त्याने जाई.

दरम्यान तारामेला जगभर गेली. मोठमोठ्या कंपन्यांनी ती आपल्या यंत्रांच्या पोटात घातली. फोनमध्ये, जहाजांत, इस्पितळातल्या खाटांशेजारी, पाणी सोडणाऱ्या पंपांत. कोणी विचारले नाही, विचारायची गरजही नव्हती, रीतच तशी. नोएलीला कळे ते तक्रारींवरून. आज सिंगापूर रागावले, उद्या टोरांटो. एका परदेशी कंपनीने आभार म्हणून एक बनियन पाठवले. ते इतके मोठे होते की त्यात दोघी बहिणी मावल्या असत्या. इल्गाने ते बटाट्याच्या वाफ्यात काठीवर चढवले.

"पाखरं तरी घाबरतात," ती म्हणाली. "तुझ्या एवढ्या कष्टांचा हा एक उपयोग झाला."

मग हेबर गेला. छातीत कळ आली, दुकानातच, हातात रेडिओ होता. त्याच्या मुलीने फोन करून कळवले. नोएलीने यादीवर चार ओळींत बातमी दिली: आपला दुसरा वाचक आता नाही, त्याची जागा घ्यायला कोणी पुढे यावे. तीन उत्तरे आली. दोघांनी दुःख व्यक्त केले. तिसरे उत्तर यंत्राने आपोआप पाठवले होते: 'या विषयावर तीस दिवस काही हालचाल न झाल्याने तो बंद करण्यात येत आहे.'

कोणी पुढे आले नाही. दोन वर्षे तारामेलात एक अक्षर बदलले नाही. ती मुकाट चालत राहिली, आणि चालणाऱ्या वस्तूकडे कोण बघतो.

त्या दोन वर्षांत साखरेने नोएलीचा उजवा डोळा नेला. डॉक्टर म्हणाले, डावा अजून वर्ष काढेल, फार तर दीड. तिने गिरणी सोडली. आता तिला एकच गोष्ट हवी होती. डोळा आहे तोवर एक वाचणारा सापडावा, त्याच्या हाती तारामेला सोपवावी, आणि मग हवा तर अंधार यावा. अंधाराला ती घाबरत नव्हती. तारामेला बेवारस मागे राहण्याला घाबरत होती.

अशात तारामेलात दोष सापडला.

दोष जुना होता, पहिल्या तीनशे ओळींतला. चालू असलेल्या प्रत्येक कामाला यंत्र एक नंबर देते. काम संपले की तो नंबर मोकळा होतो आणि पुढे दुसऱ्याच कोणाला मिळतो. फाइल धरून बसलेल्याचा फक्त नंबर तारामेला दारावर लिहून ठेवी. धरणारा मध्येच मेला आणि त्याचा नंबर नव्या कामाला मिळाला, की तिला वाटे, आतला अजून जिवंत आहे. आणि एखादा लबाड मुद्दाम तो नंबर पटकावून मेलेल्याच्या नावाने आत शिरू शके. ज्याने दोष शोधला त्याने रिवाजाप्रमाणे नोएलीला खासगीत कळवले आणि नव्वद दिवसांची मुदत दिली. नव्वद दिवसांनी तो हे जगजाहीर करणार होता, दुरुस्ती असो वा नसो.

नोएलीने चार ओळींची दुरुस्ती लिहिली. नंबरासोबत धरणाऱ्याच्या जन्माची वेळही दारावर लिहायची. नंबर तोच पण जन्मवेळ वेगळी, तर हा तो नव्हे. डाव्या डोळ्याने, अक्षरे बोटाएवढी मोठी करून, तिने या चार ओळींना दोन महिने घेतले. मग, दोष नेमका काय ते न सांगता, त्या यादीवर मांडल्या आणि ती वाचणाऱ्याची वाट बघत बसली.

सात दिवस गेले. ओळींखाली दोनशे चौदा जणांनी अंगठ्याचे चित्र चिकटवले. तिने त्यांतल्या एकाला विचारले, तुम्ही वाचलंत का. तो म्हणाला, 'नाही, पण लवकर व्हावं असं मनापासून वाटतं.'

ट्रेव्हर नावाचा एक जण रोज लिही. तो एका मोठ्या कंपनीचा माणूस होता, अमेरिकेतला, आणि फार गोड.

'नमस्कार नोएली, आठवडा मजेत चालला असेल. सहज विचारतोय, दुरुस्ती कधी मिळेल?'

'तयार आहे. कोणी वाचून नाव लिहिलं की मिळेल. तुमच्याकडे शेकडो माणसं आहेत. एक द्या.'

'किती छान कल्पना. मी वर कळवतो.'

तीन दिवसांनी वरून उत्तर आले. 'आमच्या वकिलांचं म्हणणं असं की आमच्या माणसानं नाव लिहिलं तर उद्या जबाबदारी आमच्या गळ्यात येईल. पण आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.'

"पाठीशीच असतात ते," इल्गा म्हणाली. "ढकलायला तिथूनच सोपं."

मुदतीला बारा दिवस राहिले तेव्हा नोएली बसने पेलोतासला गेली. तिथल्या तंत्रशाळेत आडेमिर नावाचे एक मास्तर होते. पूर्वी मेळाव्याला यायचे, तारामेला त्यांनी पाहिलेली होती. इल्गाने त्यांच्यासाठी कूका, म्हणजे गोड पावरोटी, भाजून दिली, वर साखरेचा चुरा घातलेली. नोएलीने ती मांडीवर धरून नेली, तिला स्वतःला चालत नसूनही.

"नोएलीबाई, तुम्ही? बसा, बसा. डोळ्याचं ऐकलं, वाईट वाटलं."

"चार ओळी आहेत, मास्तर. वाचून द्या."

आडेमिर मास्तर हसले. वाईट माणूस नव्हता तो. "चार ओळी वाचायच्या तर त्यांच्या मागच्या चार हजार वाचायला लागतात. मी काय तुम्हाला सांगायचं?"

"म्हणूनच तुमच्याकडे आले. दुसरा कोण वाचेल?"

"बाई, माझ्याकडे पाच वर्ग आहेत. दोन तास झोपायला कमी पडतात."

"मग तुमच्या मुलांतलं एखादं द्या."

"मुलांना हे दाखवलं तर पहिला प्रश्न, यानं नोकरी कुठं लागते? आणि त्यांचं चुकतं असंही नाही." त्यांनी कूकेचा तुकडा मोडला. "आता तर यंत्रच लिहितं आणि यंत्रच वाचतं. त्याच्याकडून वाचून घ्या की."

"घेतलं. छान आहे म्हणालं."

"झालं तर मग."

"आधीच्या चुकीच्या ओळी दाखवल्या, त्याही छान आहेत म्हणालं."

मास्तरांनी कूकेचा आणखी एक तुकडा मोडला. "कूका मात्र इल्गाबाईंच्याच हातची," ते म्हणाले. नोएली चारच्या बसने परत आली.

शुक्रवारी मुदत संपत होती. गुरुवारी दुपारी जेवणे झाल्यावर नोएली स्क्रीनसमोर बसली. पाठीमागे इल्गा भांडी विसळत होती. नोएलीने चार ओळी पुन्हा एकदा वाचल्या आणि हेबरने विचारले असते ते सगळे प्रश्न एकेक करून मोठ्याने विचारले. दोघे एकदम आले तर? धरणारा मेला तर? वीज गेली तर? प्रत्येकाचे उत्तर तिनेच दिले, आणि प्रत्येक उत्तर तिला पटले. हेबरला कधीच पहिल्या खेपेला पटत नसे.

"कोणाशी बोलतेस?" इल्गाने विचारले.

"हेबरशी."

"काय म्हणतो?"

"काही नाही म्हणत," नोएली म्हणाली, आणि तिने दुरुस्तीखाली लिहिले, 'वाचले, हेबर सिल्वेरा, मेलो'.

उद्या चोरांना दाराचे वर्म कळणार होते आणि जगातल्या लाखो दारांना तीच तारामेला होती. नोएलीपुढे दुसरा रस्ताही नव्हता. पण तिने आपल्या नावाने नियम मोडला असता, तर लोकांनी विचारले असते. मेलेल्याच्या नावाने पाळला, तर कोणीच विचारले नाही. दुरुस्ती संध्याकाळच्या आत जगभर गेली. ट्रेव्हरने फुलांचे चित्र पाठवले.

पाच आठवडे काही झाले नाही. मग दूरच्या एका देशात वादळ झाले आणि एका शहराची वीज दोन तास गेली.

वीज परत आली, पण पाणी आले नाही. पंपांना जोडलेली छोटी यंत्रे जागी झाली आणि जागच्या जागी थांबून राहिली. यंत्र जन्मवेळ मोजते ती स्वतः जागे झाल्यापासून. आणि ही छोटी यंत्रे दर वेळी एकाच तऱ्हेने जागी होत. तेच नंबर, त्याच क्रमाने, त्याच घटकेला. जुनी तारामेला जागी होताच दारावरचे नंबर पुसून टाकी; जन्मवेळ असताना पुसायचे कशाला, म्हणून नव्या ओळींनी ते बंद केले होते. वीज जाताच मेलेल्याचा नंबर आणि जन्मवेळ दारावर तशीच राहिलेली, आणि नव्याने उठलेल्या दुसऱ्याच कामाची तीच दोन्ही. तारामेलाने पाहिले, म्हणाली, आत माणूस आहे. आणि सगळे भल्या माणसांसारखे बाहेर थांबले. अकरा तास.

नोएलीने बातमीतले छायाचित्र मोठे करून पाहिले. पिवळी बादली घेतलेली एक म्हातारी रांगेत जमिनीवर बसली होती.

"वीज गेली तर," नोएली म्हणाली. इल्गाला वाटले ती घरच्या विजेबद्दल बोलते आहे, म्हणून तिने दिवा लावून पाहिला.

मग शोध सुरू झाला. ओळी लिहिल्या कोणी ते माहीतच होते. वाचल्या कोणी? हेबर सिल्वेरा कोण? दोन तासांत कोणीतरी यादीच्या तळातून नोएलीचीच ती जुनी चार ओळींची बातमी वर काढली. तेव्हा जी दोघांनी वाचली होती, ती आता चाळीस हजारांनी वाचली. एकाने लिहिले, 'तारामेलाला मेलेला माणूस जिवंत वाटतो हा दोष होता ना? आता कळलं, हे घराण्यातूनच आलंय.' त्याला खूप अंगठे मिळाले. कोणी म्हणाले, म्हातारी पहिल्यापासूनच लबाड. कोणी म्हणाले, तिला बिचारीला दिसत नाही, दोष आपला आहे. असे म्हणणारे चारपाच निघाले, आणि तेही दोन दिवसांनी दुसऱ्या भांडणाला गेले.

ट्रेव्हरचे शेवटचे पत्र आले. 'इतक्या वर्षांच्या तुमच्या सेवेबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. इथून पुढे आम्ही तारामेलाची आमची वेगळी प्रत सांभाळू, नव्या नावाने. त्यासाठी बारा जणांचा गट नेमला आहे.'

"किती दिवसांत मिळाली ही बारा माणसं?" इल्गाने विचारले.

"चार."

"आणि आधी एक नव्हता."

महिन्याभरात सगळे त्या नव्या प्रतीकडे गेले. यादीवर शुकशुकाट झाला. तारामेला तिच्या जागी होती, पण त्या दाराने आता कोणी येत-जात नव्हते.

एक गोष्ट मात्र तिच्या जिवाला लागून राहिली. हेबरचे नाव. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या कामाचा सगळा इतिहास लिहिलेला असतो, आणि त्यात प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीत गुंफलेली असते. मधली एक उपटली की पुढच्या सगळ्या खोट्या पडतात, आणि जगभरातल्या प्रतींपैकी एकही मग जुळत नाही. म्हणजे 'वाचले, हेबर सिल्वेरा' ही ओळ आता कधीच पुसता येणार नव्हती. एकवीस वर्षे ज्याने न वाचता एकदाही नाव लिहिले नाही, त्याच्या नावाखाली एक न वाचलेली ओळ कायमची राहिली, आणि ती नेमकी वीज गेल्यावर बुडणारी.

पुसता येत नव्हते, वर जोडता येत होते. तिने नवा बदल लिहिला. एकच परिच्छेद: 'ती ओळ खोटी आहे. हेबर सिल्वेराने ही दुरुस्ती वाचलेली नाही. त्याचे नाव मी लिहिले, तेव्हा त्याला जाऊन अडीच वर्षे झाली होती. त्याने वाचली असती तर ही चूक राहिली नसती. नोएली बियरहाल्स.' तो तिने रीतीप्रमाणे यादीवर मांडला आणि सात दिवस मोजायला घेतले.

पण हाही बदलच होता. यालाही दुसरे नाव हवे होते.

आता मे आला आहे, आमच्याकडे थंडी सुरू होते. सरोवरावरून बोचरा वारा येतो आणि बटाट्याच्या वाफ्यातले ते मोठे बनियन फडफडत असते. डाव्या डोळ्यात आता फक्त उजेड उरला आहे, आकार नाहीत. सकाळी मातेचे पाणी उकळले की इल्गा स्क्रीनसमोर बसते, चष्मा चढवते आणि एकेक अक्षर लावत यादी वाचून दाखवते.

"काही आलंय का, ताई?"

"एक आलंय. कोणीतरी गोळ्या विकतोय."

"खाली बघ. माझ्या पत्राखाली."

"तिथं यंत्रानं लिहिलंय. तीस दिवस हालचाल नाही, म्हणून बंद."

"उघड पुन्हा. डावीकडं बटण असेल."

इल्गा उघडते. आजवर सहा वेळा उघडून झाले. आज उघडल्यावर तिने नोएलीच्या पत्राखालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवले. मग म्हणाली, "नोएली, मी लिहू का माझं नाव?"

"तू वाचलंस का?"

"वाचलं. तुला वाचून दाखवलं की आत्ता."

"त्याच्या मागचं? ती दुरुस्ती, ते दार, ते नंबर? खरंच तिथं चूक आहे की मी उगाच म्हणतेय, हे कळलं तुला?"

इल्गाने चष्मा काढून एप्रनला पुसला. "मला काय कळतंय त्यातलं."

"मग नको," नोएली म्हणाली.

इल्गाने भोपळ्यात पाणी ओतले आणि तो बहिणीच्या हातात नीट धरवला.